मणक्यातली सुई आणि आईंचा प्रश्न



गेल्या चातुर्मासात आमच्या आईंना, म्हणजे सासूबाईंना, सामायिकाला खाली बसणं अशक्य झालं. कमरेतून निघालेली कळ डाव्या पायाच्या करंगळीपर्यंत जायची. एमआरआयमध्ये गादी सरकून नस दाबली गेल्याचं निघालं. गोळ्या झाल्या, शेक झाला, व्यायाम झाले, आणि मग डॉक्टर म्हणाले, मणक्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन देऊन बघू. घरी येऊन आईंनी एकच धरून ठेवलं, "ते जनावरापासून करतात. मला नको." मंदिरात कुणीतरी त्यांना सांगितलं होतं.

मी कॉलेजात इतिहास घेतला होता. कुणी काही ठामपणे म्हणालं की ते कधीचं खरं, हे शोधल्याशिवाय मला झोप येत नाही. म्हणून शोधायला बसले.

तर मंदिरातल्या त्या बाईंचं अगदीच खोटं नव्हतं. फक्त त्यांची माहिती सत्तर वर्षं जुनी होती.

अमेरिकेत मिनेसोटा राज्यातल्या रोचेस्टर गावी मेयो क्लिनिक आहे. तिथले डॉक्टर फिलिप हेंच यांना 1929 पासून एक कोडं पडलं होतं. संधिवाताच्या रुग्णाला कावीळ झाली की सांधे दुखायचे थांबत. बाई गरोदर राहिली की तसंच, आणि बाळंतपण झालं की दुखणं परत. (हे कित्येक बायकांनी आपल्या डॉक्टरांना आधीच सांगितलं असेल. हेंच यांनी ते ऐकून घेतलं, हे त्यांचं मोठेपण.) शरीरच काहीतरी औषध तयार करतं, असं त्यांना वाटू लागलं. त्यांच्याच संस्थेतले रसायनशास्त्रज्ञ एडवर्ड केंडल मूत्रपिंडाच्या वरच्या ग्रंथींतून एकेक द्रव्य वेगळं करत होते. त्यातलं एक, पुढे कॉर्टिझोन म्हणून ओळखलं गेलेलं, 21 सप्टेंबर 1948 रोजी 29 वर्षांच्या एका संधिवाताच्या रुग्ण बाईला टोचलं. तिला अंथरुणातून उठणंही जड जात होतं. आठवड्याभरात ती बाजारात जाऊन आली. 1950 साली हेंच, केंडल आणि स्वित्झर्लंडचे राइखस्टाइन यांना नोबेल मिळालं.

आता आईंच्या प्रश्नाचं उत्तर. केंडल यांनी हे द्रव्य वेगळं केलं ते गुरांच्या ग्रंथींतून. नंतर मर्क कंपनीत ते बनवू लागले ते बैलाच्या पित्तातल्या आम्लापासून, तीसहून जास्त पायऱ्यांची प्रक्रिया करून. म्हणजे मूळ कत्तलखान्यातच. पण जनावरं लागणार किती आणि औषध निघणार किती! म्हणून दुसरा मार्ग शोधणं चालूच होतं. रसेल मार्कर यांनी मेक्सिकोतल्या एका जंगली कंदापासून, आपल्या कोनफळाच्याच कुळातला तो, प्रोजेस्टेरॉन बनवून दाखवलं. 1952 साली अपजॉन कंपनीच्या शास्त्रज्ञांनी पावावर येते तसल्या बुरशीकडून त्या प्रोजेस्टेरॉनचं पुढचं अवघड रूपांतर करून घेतलं. मग सोयाबीनसारख्या वनस्पतींतली द्रव्यंही वापरात आली, आणि आज स्टेरॉइडं मुख्यतः अशा वनस्पतिजन्य मालापासून बनतात.

हे सगळं मी आईंना वाचून दाखवलं. त्या जराशा हसल्या. "म्हणजे जनावर गेलं आणि जमीनकंद आला."

पण त्यानंतरही त्या हो म्हणेनात. दोन दिवसांनी भाजी निवडता निवडता हळूच म्हणाल्या, "सुई हाडात घालतात ना गं? पाय गेले तर?" तेव्हा माझ्या लक्षात आलं. जनावराचा प्रश्न खरा होताच, पण त्याच्या आड भीती लपली होती. आपल्या घरांत धर्माचं कारण सांगितलं की कुणी पुढे विचारत नाही. भीती वाटते म्हटलं तर हसतात.

मग सुईचा इतिहास वाचला. तो औषधापेक्षा जुना निघाला. जर्मनीत कील शहरी ऑगस्ट बीअर नावाचे सर्जन होते. 1898 साली ते आणि त्यांचे सहायक हिल्डेब्रांट यांनी एकमेकांच्या पाठीत सुई घालून कोकेन टोचण्याचं ठरवलं. बीअर यांच्या वेळी सिरिंज सुईला नीट बसेना आणि मणक्यातलं पाणी वाहून गेलं. हिल्डेब्रांट यांना मात्र टोचता आलं. मग त्यांच्या पायाला चिमटे काढले, पेटता सिगार लावला, नडगीवर हातोडीने मारलं. काही कळलं नाही. पण नंतर दोघांचीही डोकी भयंकर दुखली आणि बीअर तर कित्येक दिवस अंथरुणावर होते.

आईंच्या मनातली सुई ही होती. पण त्यांना सुचवलेली सुई वेगळी. मज्जारज्जूभोवती पाण्याची एक पिशवी असते. बीअर त्या पिशवीच्या आत गेले होते. 1901 साली पॅरिसमध्ये सिकार आणि कातलँ या दोघांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, माकडहाडाच्या वरच्या फटीतून पिशवीच्या बाहेरच्या जागेत औषध सोडलं. सिकार यांनी ते सायटिकासाठीच वापरलं. मात्र सायटिकाची कळ बहुतेकदा सरकलेल्या गादीमुळे येते, हे बॉस्टनच्या मिक्स्टर आणि बार यांनी दाखवलं 1934 साली. आणि त्या जागी स्टेरॉइड सोडणं सुरू झालं 1952-53 मध्ये. इटलीत रोबेक्की आणि काप्रा यांनी एका बाईच्या दुखऱ्या नसेजवळ हायड्रोकॉर्टिझोन टोचलं, पुढच्याच वर्षी फ्रान्समध्ये लिएव्र यांनी 20 रुग्णांवर ते वापरलं. तेव्हा सगळं हाताच्या अंदाजाने चालायचं. अंदाजाची सुई कितीतरी वेळा भलतीकडे जाते, हे पुढे एक्स-रेखाली पाहिल्यावर कळलं. आज बहुतेक ठिकाणी पडद्यावर बघतच सुई घालतात.

गुण किती येतो? मोठे अभ्यास एकत्र पाहिले तर फायदा थोडा आणि काही आठवड्यांचाच दिसतो. गादी जागेवर जात नाही, नसेची सूज उतरते एवढंच. धोके विरळ, पण खरे आहेत. 2012 साली अमेरिकेत दूषित औषधामुळे 700हून जास्त लोकांना बुरशीचा संसर्ग झाला आणि साठहून जास्त दगावले. मधुमेह असेल तर काही दिवस साखर वाढते, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगावंच लागतं.

या सगळ्यात मला सर्वांत उपयोगी पडला तो सुईशी संबंध नसलेला एक प्रयोग. 1964 साली बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये डॉक्टर एगबर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पोटाच्या ऑपरेशनच्या 97 रुग्णांचे दोन गट केले. एका गटाला आदल्या दिवशी बसून सांगितलं, कुठे दुखेल, किती वेळ, आणि अंग सैल कसं सोडायचं. दुसऱ्याला काही सांगितलं नाही. सांगितलेल्या गटाला वेदनाशामक औषध जवळजवळ निम्मंच लागलं. औषध तेच, ऑपरेशन तेच.

मग मी डॉक्टरांकडे एकटी गेले आणि एकेक पायरी विचारून वहीत लिहून आणली. रात्री आईंना सांगितली. पालथं झोपायचं, पोटाखाली उशी. पाठीला थंडगार औषध लावतील. पहिली सुई बधिर करायची, ती मुंगी चावल्यासारखी जळजळेल. मग दाब येईल. औषध जाताना पायातली तीच ओळखीची कळ क्षणभर उठेल, तेव्हा घाबरायचं नाही, औषध त्या नसेजवळ पोचल्याची ती खूण असू शकते. हलायचं नाही, पण बोलायची मुभा आहे. गुण यायला तीन-चार दिवस लागतील.

"एवढंच?" आई म्हणाल्या. "मग हे कुणी आधी का नाही सांगितलं?"

त्या दिवशी वीस मिनिटांत त्या बाहेर आल्या. आत नवकार म्हणत होत्या, असं नर्सने सांगितलं. चौथ्या दिवशी कळ निम्म्यावर आली. सामायिक अजून खुर्चीवरच होतं, आणि थंडीत दुखणं थोडं परत आलंय. डॉक्टर म्हणतात, लागलं तर पुन्हा एकदा देऊ. परवा आईंनी मला विचारलं, "त्या जर्मन डॉक्टरचं डोकं किती दिवस दुखलं म्हणालीस?"