पेवाच्या तोंडापासून साण्यापर्यंत

मराठवाड्यात ज्वारीची पेवं होती तेव्हा त्यांत उतरायची एक रीत होती. तोंडावरची शिळा सरकवून पेव बराच वेळ उघडं ठेवायचं, मग दोराला बांधून कंदील खाली सोडायचा. कंदील विझला तर माणूस उतरवायचा नाही. साठवलेला दाणाही श्वास घेतो, आतला प्राणवायू संपवतो, हे कुणी शिकवलं नव्हतं. कोंडलेली हवा जीव घेते, एवढं मात्र पक्कं ठाऊक होतं. पैठणसारख्या जुन्या गावातल्या धाब्याच्या घरांनाही ते ठाऊक असावं. माळवदाला उजेड यायला आणि धूर जायला एक भोक ठेवलेलं असे, साणं. पावसात त्यावर झाकण, एरवी उघडं.

मी ज्या वायूचा माग काढतो आहे, त्यानं कंदील विझत नाही. रेडॉनला रंग नाही, वास नाही, चव नाही. खडकातल्या युरेनियमचं पिढ्यान्‌पिढ्या विघटन होत रेडियम बनतं आणि रेडियममधून हा वायू सुटतो. जमिनीच्या भेगांतून, भिंतीच्या मातीतून तो घरात येतो. त्याचं अर्धं आयुष्य 3.8 दिवस, म्हणजे जमिनीतून वर येऊन माणसाच्या छातीपर्यंत पोचायला पुरेसा वेळ.

त्याचा पहिला पत्ता लागला तो वायू म्हणून नव्हे, आजार म्हणून. सॅक्सनीतल्या श्नीबर्गच्या खाणकामगारांना छातीचा एक असाध्य विकार होई. त्या मुलखातल्या खाणी जवळून पाहिलेल्या अ‍ॅग्रिकोलाचा खाणकामावरचा ग्रंथ 1556 साली निघाला. त्यात खाणीत वारा ढकलणारी भाते-पंख्यांची यंत्रं चित्रांसह दिली आहेत. मला हे विलक्षण वाटतं. कारण कळायच्या साडेतीनशे वर्षं आधी उपाय कागदावर उतरला होता. तो विकार म्हणजे फुफ्फुसाचा कर्करोग, हे हार्टिंग आणि हेस्से या डॉक्टरांनी 1879 मध्ये दाखवलं. रेडियममधून वायू सुटतो हे डॉर्ननं 1900 मध्ये नोंदवलं आणि पुढच्याच वर्षी एल्स्टर व गायटेल यांना त्याच खाणींच्या हवेत किरणोत्सार भरपूर सापडला.

तरीही एक कोडं उरलं. रेडॉन निष्क्रिय वायू आहे. श्वासाबरोबर आत जातो, बहुतांश तसाच बाहेर येतो. मग एवढी इजा कशी? अमेरिकेत युरेनियमच्या खाणींचा प्रश्न पुढे आला तेव्हा, 1951 मध्ये, विल्यम बेल यांनी बोट ठेवलं ते रेडॉनच्या संततीवर. रेडॉन फुटला की पोलोनियम, शिसं, बिस्मथ यांचे अणू तयार होतात. हे वायू नाहीत, घन आहेत. धुळीला, धुराला चिकटतात, किंवा सुटेच तरंगतात आणि श्वासनलिकांच्या ओल्या अस्तरावर बसतात. तिथं पोलोनियममधून निघणारा अल्फा कण पेशींमध्ये जेमतेम 50 ते 70 मायक्रॉन जातो. कागदानंही अडेल असा तो कण. पण श्वासनलिकेच्या अस्तरात ज्या पेशींपासून कर्करोग सुरू होतो, त्या नेमक्या याच टप्प्यात असतात.

खाणीतला प्रश्न घरात आला तो स्वीडनमध्ये. हुल्टक्विस्ट यांनी 1956 मध्ये 225 घरांतली मोजमापं प्रसिद्ध केली. शेलपासून बनवलेल्या हलक्या काँक्रीटच्या काही घरांत रेडॉन बराच निघाला. फारसं कुणी मनावर घेतलं नाही. पुढे 1973 नंतर तेल महागलं, ऊब वाचवायला घरांच्या फटी बुजवल्या गेल्या आणि आतला वायू आतच राहू लागला. अमेरिकेत 1984 च्या डिसेंबरात अणुवीज प्रकल्पातला एक अभियंता कामावर जाताच किरणोत्साराचे भोंगे वाजू लागले. प्रकल्प अजून चालूही झाला नव्हता. किरणोत्सार तो घरून अंगावर घेऊन येत होता.

या सगळ्यातून जे गणित उभं राहिलं त्याचा सांगाडा मला पेवाच्या रीतीइतकाच साधा वाटतो. खोली म्हणजे एक रांजण. जमिनीतून आणि भिंतींतून किती येतं, विघटनानं किती संपतं, हवेबरोबर किती बाहेर जातं. जर्मनीच्या याकोबी यांनी 1972 मध्ये त्यात संततीचाही हिशेब घातला: किती अणू धुळीला चिकटले, किती भिंतीवर बसले, किती हवेत उरले.

पैठणच्या एका खोलीला हे गणित लावून पाहू. खोली 4 मीटर बाय 3, उंची 3, म्हणजे हवा 36 घनमीटर. भिंती, छत, जमीन मिळून तासाला 200 बेकेरेल (बेकेरेल हे किरणोत्साराचं एकक) रेडॉन सोडतात असं धरू. दार-खिडकी उघडी, तासाला दोनदा हवा बदलते, तर घनमीटरमागे 3 बेकेरेलही साठत नाही. तीच खोली बंद केली, हवा दहा तासांनी एकदा बदलली, की आकडा 50 च्या पुढे जातो. भिंती त्याच, जमीन तीच. बाहेरच्या हवेतले दहा-एक बेकेरेल दोन्हीकडे मिळवावेत. जागतिक आरोग्य संघटनेची 2009 ची संदर्भ पातळी 100 आहे.

यात पैठणला अनुकूल गोष्ट म्हणजे पायाखालचा काळा पाषाण. ग्रॅनाइटमध्ये युरेनियम दशलक्षात तीन ते पाच भाग असतं, आपल्या बेसॉल्टमध्ये सहसा एकाहूनही कमी. पण काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि भेगा म्हणजे वायूची वाट. नळाला नाथसागर जलाशयाचं पाणी असेल तर रेडॉनची चिंता नको, उघड्या पाण्यातून तो उडून जातो. खोल बोअरच्या पाण्याचं तसं नाही.

जुनं घर म्हणजे निर्धोक, असंही मी म्हणणार नाही. मातीच्या भिंती सिमेंटच्या गिलाव्यापेक्षा सहसा जास्त वायू सोडतात. त्यात रेडॉनचा भाऊबंद थोरॉनही असतो. त्याचं अर्धं आयुष्य 56 सेकंद, म्हणून तो भिंतीजवळच दाट असतो आणि हातभर दूर झपाट्यानं विरतो. भिंतीला उशी टेकवून झोपणाऱ्याच्या नाकाशी आणि खोलीच्या मध्यावर हवा एकच नसते. रांजणाचं गणित इथं थिटं पडतं. म्हणून आता संगणकावर खोलीचे लाखो बारीक घनांत तुकडे करून हवा कुठून कुठे वाहते ते काढतात. छताचा पंखा त्यात वेगळाच वागतो. वायू तेवढाच राहतो, पण संतती पात्यांवर आणि भिंतींवर जाऊन बसते. चुलीच्या धुराचं उलट आहे. तो तिला हवेत तरंगत ठेवतो. विडी-सिगारेट ओढणाऱ्याला रेडॉनपासूनचा कर्करोगाचा धोका न ओढणाऱ्याच्या सुमारे 25 पट मानतात.

गणिताला मोजमाप हवं आणि भारतात त्याचं माहेर मुंबईचं ट्रॉम्बे. भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या मय्या, ईपन आणि नंबी यांनी 1998 मध्ये दोन कपांच्या मापकाची रीत मांडली. एका कपाच्या तोंडावर गाळणी, तिच्यातून रेडॉन आणि थोरॉन दोन्ही आत जातात. दुसऱ्यावर पातळ पडदा, तो पार करेपर्यंत थोरॉन संपून जातो. दोन्ही कपांच्या आत लालसर फिल्मचा एकेक तुकडा, आणि तिसरा उघड्यावर. अल्फा कण फिल्मवर जखम करतात. कॉस्टिक सोड्याच्या गरम द्रावणात ती धुतली की जखमांची भोकं होतात, आणि ती मोजता येतात. वीज लागत नाही, आवाज नाही.

पैठणात असा कप टांगायचा तर थंडीचे तीन महिने धरावेत, दिवाळीपासून पुढे. आपल्याकडे रेडॉन तेव्हाच सर्वांत जास्त भरतो, कारण रात्री खिडक्या लागतात. जागा निजायच्या खोलीत, भिंतीपासून हातभर तरी दूर. आणि घरातल्यांनी खिडकी रोज जशी लावतात तशीच लावावी. कप टांगलाय म्हणून तीन महिने ती उघडी ठेवली, तर फिल्मवर भलत्याच घराची हवा उमटेल.