नोंद नाही, म्हणून नव्हतंच का? हिंगोलीच्या वन्यजीवांचा अपुरा इतिहास

आजचा प्रश्न ऐकायला साधा आहे. गेल्या शंभर-दीडशे वर्षांत हिंगोली जिल्ह्यातून कोणते प्राणी आणि पक्षी नाहीसे झाले? उत्तर द्यायला बसलं की अडचण सुरू होते. एखादी गोष्ट नाहीशी झाली असं म्हणायचं, तर आधी ती होती हे दाखवावं लागतं. आणि नेमके तिथेच आपले कागद गप्प होतात.

ते का गप्प आहेत, हे आधी पाहू. हिंगोली जिल्हा झाला १ मे १९९९ रोजी. त्याआधी तो परभणीचा भाग होता. म्हणजे जुन्या कागदात 'परभणी जिल्ह्यात अमुक जनावर आढळते' असं वाक्य सापडलं, तरी ते औंढ्याच्या डोंगरातलं की गोदावरीकाठचं, हे त्या वाक्यावरून कळत नाही. आणखी मागे गेलं, तर सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात. दप्तर आधी फारसीत, नंतर उर्दूत. पैनगंगेपलीकडचा वऱ्हाड मात्र १८५३ पासून इंग्रजांच्या कारभाराखाली. नदी एक, पण दोन काठांची दप्तरं वेगळी. वाघ नदी ओलांडून जायचा. त्याची नोंद अलीकडेच राहायची.

शिवाय लिहिणारे कोण, हेही पाहिलं पाहिजे. त्या काळच्या बऱ्याच नोंदी शिकाऱ्यांच्या आहेत. मारलेल्या वाघाची लांबी मोजून लिहिली जाई. साळिंदर, खवल्या मांजर, रानमांजर यांच्यासाठी कोण शाई खर्च करणार? बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी १८८३ साली मुंबईत स्थापन झाली. पण हैदराबाद संस्थानातल्या पक्ष्यांची पद्धतशीर पाहणी सालिम अलींनी केली ती १९३१-३२ मध्ये. संस्थान दोन लाख चौरस किलोमीटरहून मोठं. अशा पाहणीत एकेका गावाच्या वाट्याला किती दिवस येणार? आणि त्या यादीत एखादा पक्षी नसला, तर त्याचा अर्थ काय लावायचा?

इथे मला माझ्या विषयाकडे, म्हणजे तत्त्वज्ञानाकडे वळावं लागतं. आपल्याकडे कुमारिल भट्टांच्या मीमांसेत 'अनुपलब्धी' हे स्वतंत्र प्रमाण मानलं आहे. जमिनीवर घडा नाही, हे कशावरून? दिसत नाही यावरून. पण त्याला एक अट आहे. घडा असता, तर तो दिसलाच असता अशी परिस्थिती हवी: उजेड हवा, डोळे शाबूत हवेत, पाहणारा तिथे हवा. याला योग्यानुपलब्धी म्हणतात. अंधाऱ्या खोलीत घडा दिसला नाही, यावरून काहीच सिद्ध होत नाही. आजची आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनाही जवळपास हेच म्हणते. योग्य ठिकाणी, योग्य वेळी कसून शोध घेतल्याशिवाय ती कोणत्याही जातीला 'नामशेष' ठरवत नाही.

आता तीन उदाहरणं घेऊ. पहिलं रानपिंगळ्याचं. या छोट्या घुबडाचा शेवटचा खरा नमुना १८८४ साली खानदेशात मिळाला होता. पुढे रिचर्ड माइनर्ट्झहागेन या इंग्रज गृहस्थाने संग्रहालयातला एक जुना नमुना चोरला आणि तो आपल्याला १९१४ साली गुजरातेत मिळाला अशी चिठ्ठी त्याला लावली. ती लबाडी पामेला रासमुसेन यांनी उघडकीस आणली. मग खोटी नोंद बाजूला ठेवून खऱ्या नमुन्यांच्या जागी शोध घेतला, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ रानपिंगळा जिवंत सापडला! एकशे तेरा वर्षं कागदावर नव्हता, रानात होता.

दुसरं उदाहरण उलट आहे, गिधाडांचं. माझ्या वयाच्या कुणालाही विचारा. गावाबाहेर मेलेलं ढोर टाकलं की गिधाडं उतरायची. गिधाडं कमी होताहेत, हे शास्त्रज्ञांना नक्की कळलं ते भरतपूरला. विभू प्रकाश यांनी १९८०च्या दशकात तिथली गिधाडं मोजून ठेवली होती. पुढच्या दशकात पुन्हा मोजली तेव्हा फरक समोर आला. नंतरच्या देशव्यापी गणनांनुसार १९९२ ते २००७ या काळात पांढऱ्या पाठीची गिधाडं ९९.९ टक्क्यांनी घटली. कारण निघालं जनावरांना दिलं जाणारं डायक्लोफेनॅक हे औषध, आणि २००६ मध्ये त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. जुना आकडा हाताशी होता, म्हणून इथवर पोचता आलं. खेडोपाडी 'पूर्वी लई होती' यापलीकडे हिशेब नाही.

तिसरं उदाहरण थेट हिंगोलीचं. टिपेश्वर अभयारण्यातल्या एका तरुण वाघाला फेब्रुवारी २०१९ मध्ये रेडिओ कॉलर लावली होती. तो जूनमध्ये निघाला आणि १,३०० किलोमीटरहून अधिक चालून डिसेंबरात बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. वाटेत तो हिंगोली जिल्ह्यातून गेला. गळ्यात पट्टा होता, म्हणून हे इतकं तपशिलात कळलं. पट्टा नसलेले आणखी किती याच वाटेने गेले असतील, याचा विचार करा.

या साऱ्यात आपलं काय जातं? सांगतो. माळरान कागदावर 'पडीक' म्हणून लागतं. तिथे काही नव्हतंच असं ठरलं, की त्याच्यासाठी भांडायला कुणी उभं राहत नाही. १९९५ साली डॅनियल पॉली या मत्स्यशास्त्रज्ञाने दाखवून दिलं, की प्रत्येक पिढी आपल्या तरुणपणी जे पाहिलं तेच मूळ प्रमाण मानते. नातवाला रिकामा माळ हाच नेहमीचा माळ वाटतो. मग जे गेलं, त्याचं दुःखही होत नाही.

म्हणून एक सुचवतो. जैवविविधता कायदा २००२ चा आहे. त्यानुसार ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असायला हवी. आपल्या गावची वही मागून बघा. वस्तीतल्या, तांड्यावरच्या म्हाताऱ्या माणसांना, गुराख्यांना, पूर्वी पारध करणाऱ्यांना विचारा: काय पाहिलं, कोणत्या शिवारात, शेवटचं कधी? वर्ष आठवत नसेल, तर बहात्तरच्या दुष्काळाआधी की नंतर, एवढं तरी लिहा. आणि आणखी एक रकाना ठेवा: 'अमुक दिवशी, अमुक ठिकाणी, इतके तास शोधलं, दिसलं नाही.' हा रकाना बहुतेक कुणी भरत नाही. पण तो भरला, तरच पन्नास वर्षांनी कुणाला 'नाही' हा शब्द पुराव्यानिशी म्हणता येईल. विचारायची माणसं दरवर्षी कमी होत आहेत, तेव्हा हे काम पुढच्या वर्षावर टाकू नका.

आता प्रश्न असतील तर घेऊ.