खिशातलं रिव्हॉल्व्हर आणि दमदमची गोळी

माझा भाचा अमेरिकेत, टेक्सासमध्ये असतो. पेट्रोल पंपाला लागून असलेल्या दुकानात रात्रपाळी करतो. मागच्या महिन्यात त्याचा फोन आला. जवळच्याच एका दुकानात दरोडा पडला होता.

"मामू, रिव्हॉल्व्हर घ्यायचं म्हणतोय. लहान, खिशात मावेल असं. दुकानदारानं दोन दाखवलीत आणि गोळ्याही दोन प्रकारच्या. तुम्ही इतिहास वाचता, सांगा ना, कोणतं घेऊ?"

मी आयुष्यात बंदूक हातात धरलेली नाही. तिकडे मात्र २०२१ पासून एकवीस वर्षांवरचा बहुतेक कुणीही परवान्याशिवाय कमरेला पिस्तूल लावून फिरू शकतो. पोराला नुसतं "नको" म्हणून भागणार नव्हतं. म्हणून वाचायला बसलो.

खिशातल्या बंदुकीचा इतिहास जुना आहे. फिलाडेल्फियाच्या हेन्री डेरिंजरने तळहातात लपेल असं एकबारी पिस्तूल बनवलं. १४ एप्रिल १८६५ च्या रात्री वॉशिंग्टनच्या फोर्ड नाट्यगृहात जॉन विल्क्स बूथने तेच अब्राहम लिंकनच्या डोक्यामागे धरलं. लपवता येणारं हत्यार संरक्षणाला सोयीचं असतं, तितकंच हल्ल्यालाही. ही गोष्ट तेव्हाच स्पष्ट झाली होती.

पुढे प्रश्न आला वापराचा. रिव्हॉल्व्हरचा घोडा खिशाच्या कापडात अडकायचा. म्हणून स्मिथ अँड वेसनने १८८७ मध्ये घोडा आत झाकलेलं मॉडेल काढलं. १९२७ मध्ये कोल्ट कंपनीचं 'डिटेक्टिव्ह स्पेशल' आलं, नळी फक्त दोन इंच, गोळ्या सहा. साध्या वेशातल्या पोलिसांनी ते उचललं. १९५० मध्ये स्मिथ अँड वेसनने एक गोळी कमी करून आणखी बारीक 'चीफ्स स्पेशल' बाजारात आणलं. भाच्यासमोर ठेवलेली दोन्ही रिव्हॉल्व्हरं याच घराण्यातली. एक पोलादी, साडेपाचशे ग्रॅमच्या आसपास. दुसरं अॅल्युमिनियमच्या सांगाड्याचं, त्याहून बरंच हलकं.

यात फुकट काही मिळत नाही. हलकं रिव्हॉल्व्हर दिवसभर खिशात जाणवत नाही, पण गोळी सुटताना हाताला जोराचा झटका देतं. जड रिव्हॉल्व्हर हातात स्थिर राहतं, पण खिसा ओढतं. घोडा झाकलेला असला की दर वेळी चाप लांब आणि जोरात ओढावा लागतो. नळी आखूड असल्याने नेम धरणं अवघड. गोळ्या पाचच. म्हणजे जे हत्यार नवख्याला सोपं म्हणून विकलं जातं, ते चालवायला खरं तर सर्वात कठीण. सरावाशिवाय ते खिशातलं ओझंच.

इथपर्यंत वाचून मी भाच्याला उत्तर देऊ शकलो असतो. पण गोळ्यांकडे वळलो आणि एकदम आपल्या देशात येऊन पोचलो.

दुकानदाराने दाखवलेली एक गोळी गोल टोकाची होती, दुसरीच्या टोकाला खळगा. खळग्याची गोळी शरीरात शिरली की फुलाप्रमाणे उमलते आणि आतच थांबते. गोल टोकाची आरपार जाऊ शकते. शरीरात पसरणाऱ्या गोळीचं जगप्रसिद्ध नाव आहे 'दमदम'. कोलकात्याजवळचं दमदम, जिथे आज विमानतळ आहे, तिथे इंग्रजांचा दारूगोळ्याचा कारखाना होता.

१८९५ च्या चित्राल मोहिमेनंतर इंग्रज सैनिकांची तक्रार होती की नव्या रायफलीची पूर्ण आवरण असलेली गोळी पठाणांच्या आरपार जाते आणि ते धावत येतच राहतात. मग दमदमचे अधिकारी कॅप्टन बर्टी-क्ले यांनी गोळीच्या टोकावरचं धातूचं आवरण काढून आतलं शिसं उघडं ठेवलं. १८९७-९८ च्या तिराह मोहिमेत ती आफ्रिदींवर वापरली गेली.

१८९९ मध्ये हेग इथे शांतता परिषद भरली. पसरणाऱ्या गोळ्यांवर बंदीचा ठराव आला, तेव्हा ब्रिटन आणि अमेरिकेने विरोध केला. ब्रिटनचे प्रतिनिधी सर जॉन अर्डाघ यांच्या युक्तिवादाचा आशय असा होता: सुधारलेल्या देशाचा सैनिक जखमी झाला की थांबतो, रानटी मनुष्य थांबत नाही. ठराव मंजूर झाला, पण तो लागू होता सही करणाऱ्या देशांच्या आपसातल्या युद्धापुरता. आफ्रिदींना सही करायला कुणी बोलावलंच नव्हतं.

त्याच सुमारास अमेरिका फिलिपिन्समध्ये लढत होती. दक्षिणेकडच्या मिंदानाव आणि सुलू बेटांवरचे मोरो मुसलमान तलवार घेऊन अंगावर येत आणि सैन्याच्या .३८ रिव्हॉल्व्हरच्या गोळ्यांनी थांबत नाहीत, अशी तक्रार अमेरिकी अधिकारी करू लागले. १९०४ मध्ये शिकागोच्या कत्तलखान्यात गुरांवर गोळ्यांच्या चाचण्या झाल्या, शवांवरही झाल्या. निष्कर्ष निघाला, गोळी .४५ पेक्षा लहान नको. त्यातूनच पुढे सैन्यासाठी १९११ चं कोल्ट पिस्तूल आलं. पोलीस आणि सामान्य माणूस मात्र .३८ लाच धरून राहिला, त्याच काडतुसाची जास्त बारूद भरलेली सुधारित जात वापरत: '.३८ स्पेशल'. भाच्याला दाखवलेल्या गोळ्या त्याच जातीच्या.

'माणूस थांबवणारी गोळी' हा शब्दप्रयोग आज बंदुकीच्या दुकानात सहज वापरला जातो. मूळ प्रश्न कोणता माणूस थांबवायचा हा होता. तेव्हा त्याचं उत्तर पठाण आणि मोरो असं होतं.

इतिहास इथे थांबला असता तर निकाल सोपा होता. पण १९९८ मध्ये न्यूयॉर्क पोलिसांनी खळग्याच्या गोळ्या घेण्याचं ठरवलं, कारण साध्या गोळ्या आरपार जाऊन मागच्या निरपराध माणसाला लागत होत्या. युद्धात क्रूर ठरलेली गोळी शहरात जबाबदार ठरली. तर्क खोटा नाही. दुकानात गिऱ्हाईक उभं असताना आरपार जाणारी गोळी कुणालाच नको. त्यातही एक मेख आहे. दोन इंची नळीतून गोळीचा वेग कमी पडतो, खळगा उमलेलच याची खात्री नसते. म्हणून आखूड नळीसाठी वेगळ्या गोळ्या बनतात.

त्यानंतर लगेचच, ४ फेब्रुवारी १९९९ ला, न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये अमादू डियालो हा गिनी देशातून आलेला तेवीस वर्षांचा मुस्लिम तरुण आपल्या घराच्या दारात उभा होता. साध्या वेशातल्या चार पोलिसांनी हटकलं. त्याने खिशातून पाकीट काढलं. त्यांना ती बंदूक वाटली. ४१ गोळ्या झाडल्या गेल्या, १९ त्याला लागल्या. पुढे चौघेही न्यायालयात निर्दोष सुटले.

मला या साऱ्या इतिहासातली सगळ्यात मोठी गोष्ट हीच वाटते. बंदूक खिशात मावू लागली तेव्हापासून प्रत्येक खिसा संशयाचा झाला. आणि संशय सगळ्यांच्या खिशावर सारखा येत नाही. माणसाचा रंग, नाव, दाढी पाहून येतो.

मी भाच्याला फोन केला. वजन, झटका, सराव, गोळी, सगळं सांगितलं. घेतलंसच तर जड घे, आधी शिक, असंही सांगितलं. मग डियालोची हकीकत सांगितली आणि विचारलं, "पोलीस दुकानात आले आणि तुझा हात खिशाजवळ असला, तर त्यांना आधी काय दिसेल?"

तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "मामू, पाकीट पण मी त्याच खिशात ठेवतो."

सध्या त्याने मालकाकडे गल्ल्यापुढे जाड काच आणि रात्री खिडकीतूनच विक्री, अशी मागणी केली आहे. रिव्हॉल्व्हरचं अजून ठरलेलं नाही. त्याची भीती खरी आहे, हे मला कळतं. माझीही आहे.