खंडी, मण आणि क्विंटल : वऱ्हाडच्या कापसाचे माप

अकोला किंवा अमरावतीच्या बाजारात शेतकरी आपला कापूस क्विंटलच्या भावाने विकतो. त्याच कापसातील सरकी निघून रुई हाती आली, की तिचा भाव मात्र खंडीवर बोलला जातो. कायद्याने दशमान वजने सक्तीची होऊन साठ वर्षे उलटली, तरी खंडी कापसाच्या व्यापारातून गेलेली नाही. ही खंडी आली कोठून आणि तिचा हिशेब कोणाच्या हाती होता, हे जाणून घेण्यासारखे आहे.

आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीला वजनांचे कोष्टक मुखोद्गत असे. ८ गुंजांचा १ मासा, १२ माशांचा १ तोळा, ५ तोळ्यांची १ छटाक, १६ छटाकांचा १ शेर, ४० शेरांचा १ मण आणि २० मणांची १ खंडी. पावकी, निमकी, पाऊणकी पाठ असलेल्या मुलाला त्यातील अपूर्णांकांचे भय नसे. अडचण होती ती निराळीच. गाव बदलले की शेर बदले. कुठे कच्चा, कुठे पक्का. शिवाय शेर हे वजनही होते आणि धान्य मोजण्याचे मापही. पायलीभर ज्वारी आणि पायलीभर तूर तागडीत घातली, तर दोन्ही सारखी भरतीलच असे नाही.

इंग्रजी अमलात १८३३ साली १८० ग्रेनचा, म्हणजे आजच्या ११.६६ ग्रॅमचा तोळा प्रमाण ठरला. ८० तोळ्यांचा पक्का शेर ९३३ ग्रॅमचा व ४० शेरांचा बंगाली मण ३७.३२ किलोचा झाला. मुंबईचा मण मात्र २८ पौंडांचा, अवघा १२.७ किलोचा. शब्द एकच, पण वजनात जवळजवळ तिपटीचे अंतर! कापसाच्या व्यापारात या मुंबई मणांपैकी २० नव्हे, तर २८ मणांची खंडी धरली जाई. २८ गुणिले २८ म्हणजे ७८४ पौंड, आजचे ३५५.६२ किलो. बाजारात आजही चालते ती हीच खंडी. पूर्वी ३९२ पौंडांच्या दोन गाठी मिळून बरोबर एक खंडी होई. आता गाठ १७० किलोची धरतात, म्हणून तो सोपा मेळही उरलेला नाही.

वऱ्हाडला या आकड्यांशी कर्तव्य पडले ते कापसामुळे. १८५३ साली निजामाने हा मुलूख इंग्रजांच्या कारभाराखाली दिला. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे तेथील कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि लँकेशायरच्या गिरण्यांचे लक्ष आपल्या काळ्या मातीकडे वळले. त्याच दशकात आगगाडी अकोला व बडनेऱ्यावरून नागपूरपर्यंत पोहोचली. १८७० साली खामगावच्या कापूस बाजाराचे व रेल्वेच्या फाट्याचे उद्‌घाटन व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्ते झाले. गावच्या शेतकऱ्याचा माल आता मुंबईच्या खंडीने तोलला जाऊ लागला. हे परके कोष्टक ज्याला येत होते तो व्यापारी. ज्याला येत नव्हते तो शेतकरी. तागडी खरी असली, तरी हिशेब ज्याच्या हाती, नफाही त्याच्याच हाती.

यावर बंधन घालण्याचा देशातील पहिला प्रयत्न वऱ्हाडातच झाला, हे आपल्यापैकी थोड्यांना ठाऊक असेल. १८८६ साली कारंजा येथे पहिला नियंत्रित कापूस बाजार सुरू झाला आणि १८९७ साली वऱ्हाडच्या कापूस व धान्य बाजारांसाठी स्वतंत्र कायदा झाला. अडते व मापारी यांना परवाने आणि वजनमापांची तपासणी ही त्याची अंगे होती. मात्र बाजार समितीवर व्यापारी असत, पिकवणाऱ्यास जागा नव्हती. पुढे १९२८ च्या शाही कृषी आयोगाने वऱ्हाडच्या या बाजारांची दखल घेऊन असे बाजार अन्यत्रही व्हावेत अशी शिफारस केली. महाराष्ट्राचा बाजार समित्यांचा कायदा १९६३ चा.

दरम्यान १९५६ च्या कायद्याने दशमान पद्धती आली. ऑक्टोबर १९५८ पासून तिचा टप्प्याटप्प्याने अंमल सुरू झाला आणि १९६२ पर्यंत किलो देशभर सक्तीचा झाला. तरीही शेतकरी कुटुंबास खंडीचा हिशेब यावा. एक क्विंटल कापसातून साधारण ३४ किलो रुई निघते. म्हणजे एका खंडीला सुमारे साडेदहा क्विंटल कापूस लागतो. समजा, खंडीचा भाव ५६,००० रुपये आहे. तर एका क्विंटलमधील रुईची किंमत सुमारे ५,३५० रुपये होते. तीत सरकीची किंमत मिळवावी, जिनिंगचा व वाहतुकीचा खर्च वजा करावा, म्हणजे आपल्याला सांगितलेला भाव रास्त आहे की नाही हे कळते.

घरच्या सोन्याचेही तसेच आहे. आज सराफाचा तोळा १० ग्रॅमचा, जुना ११.६६ ग्रॅमचा. आजीच्या जुन्या कागदावर ५ तोळ्यांच्या पाटल्या लिहिल्या असतील, तर त्या ५८.३ ग्रॅमच्या, म्हणजे आजच्या पावणेसहा तोळ्यांहून अधिक. भावंडांत वाटणी करताना वजन ग्रॅममध्येच लिहावे; पुढचा वाद टळतो.

लेवीय ग्रंथाच्या १९ व्या अध्यायात खरी तागडी व खरी वजने बाळगण्याची आज्ञा आहे. वऱ्हाडचा इतिहास तिला एक जोड देतो : तागडीचा काटा दोघांना दिसतो, तसे कोष्टकही दोघांना ठाऊक असले पाहिजे. घरातल्या शिकत्या मुलामुलींनी एवढे गणित वडीलधाऱ्यांना एकदा मांडून दाखवले, तरी बाजारात जाताना त्यांचा हात मोकळा राहील.