धूमवर्ति, चिरूट आणि वेष्टनपत्राची परीक्षा

चरकसंहितेंत धूमवर्तीचें वर्णन आहे, त्या अर्थीं चिरूट भरतखंडांत प्राचीन कालापासून होता, असें विधान अधूनमधून कानीं येतें. ह्या विधानाची छाननी पोथीसंग्राहकांस उपयोगाची आहे. कारण ग्रंथांच्या कालनिर्णयाशीं तिचा संबंध पोहोंचतो.

सूत्रस्थानाच्या पांचव्या अध्यायांतील कृति अशी: हरेणुका, प्रियंगु, चंदन, पत्र, त्वक्, एला, उशीर इत्यादि द्रव्यें वाटून तो कल्क शराच्या काडीवर लिंपावा, वर्ति अंगठ्याएवढी जाड, आठ अंगुळें लांब व यवाप्रमाणें मध्यें फुगीर करावी, वाळल्यावर काडी काढून, तूप लावून ती नळींत बसवावी व पेटवावी. येथें 'पत्र' म्हणजे तमालपत्र, तंबाखूचें पान नव्हे. शिवाय ही वर्ति आंतून पोकळ असून तिला पानाचें वेष्टन मुळींच नाहीं. धूम नीट झाल्याची परीक्षाही चवीवर ठेविलेली नाहीं. उर, कंठ व इंद्रियें शुद्ध होणें, मस्तक हलकें होणें व दोष शमणें हीं तिचीं लक्षणें होत. अकालीं किंवा अति धूम घेतल्यास बाधिर्य, आंध्य व रक्तपित्त होतें, असा इशाराही तेथेंच आहे. तेव्हां चिरुटाच्या बाजूनें चरकाची साक्ष काढतां येत नाहीं.

तंबाखू ही मूळची अमेरिकेंतील वनस्पति. पोर्तुगीजांबरोबर ती आपल्या पश्चिम किनाऱ्यास आली. अकबरानें विजापुरास पाठविलेल्या असदबेगानें परततांना ती बरोबर नेली व १६०४-०५ च्या सुमारास बादशहापुढें ठेविली. १६१७ मध्यें जहांगिरानें तिला मनाई केली. 'चिरूट' हा शब्द तमिळ 'सुरुट्टु', म्हणजे गुंडाळलेलें, ह्यावरून आला. म्हणून ज्या संहितेंत 'तमाखु' आढळतो ती सोळाव्या शतकापलीकडे नेतां येत नाहीं. तो श्लोक प्रक्षिप्त आहे कीं काय, एवढेंच पाहावयाचें राहतें.

मिरकरवाडा बंदर ज्या रत्नागिरींत आहे तेथें ब्रह्मदेशचा पदच्युत राजा थिबा १८८६ पासून १९१६ मध्यें मृत्यु येईपर्यंत नजरकैदेंत होता. किप्लिंगनें १८९० मधील 'मंडाले' ह्या कवितेंत एका ब्रह्मी मुलीस थिबाच्या राणीचें, सुपयालातचें, नांव देऊन तिच्या हातीं चिरूट दिला आहे. ब्रह्मी चिरुटास बहुधा 'थनत' झाडाचें पान गुंडाळतात, आणि हें झाड आपल्या लोणच्याच्या भोकराच्या जातीचें आहे. आपल्याकडेही विडीस आपट्याचें किंवा टेंभुर्णीचें पान लावीत आले आहेत. ह्या दोहोंत वेष्टन तंबाखूहून परकें. उंची चिरुटांत मात्र गाभा, त्यास आवळणारें पान व बाहेरचें वेष्टन हीं तिन्ही तंबाखूचींच असल्यामुळें वेष्टनाचीही चव घ्यावी लागते.

काळसर वेष्टनास स्पॅनिश भाषेंत 'मादुरो', म्हणजे पिकलेलें, म्हणतात. पानांच्या राशी रचून ओल व ऊब ह्यांच्या योगें तीं दीर्घकाल आंबविल्यानें हा रंग येतो. जितका काळा तितका कडक, हा समज खरा नव्हे. कडकपणा मुख्यतः गाभ्यावर व रोपाच्या शेंड्याकडील पानांवर अवलंबून असतो. काळें वेष्टन पुष्कळदां कॉफीसारखी किंचित् गोडसर चव देतें. पेटविण्यापूर्वीं शिरा बारीक आहेत काय, पानास तेलकट तजेला आहे काय व दाबल्यास कोठें गांठ किंवा पोकळी लागते काय, हें पाहावें. ओल्या बोटास रंग लागल्यास पान रंगविल्याचा संशय घ्यावा. पेटल्यावर कड सारखी जळावी, राख घट्ट राहावी. जाणते धूर उरांत न घेतां तोंडांतच फिरवितात व आरंभ, मध्य, शेवट ह्यांची चव निरनिराळी नोंदतात. शेवटचा भाग ऊन व कडवट लागतो. तथापि धूर तोंडांतच ठेविला तरी मुखाच्या कर्करोगाचें भय टळत नाहीं, हें आजच्या वैद्यकानें सिद्ध केलें आहे.

ह्या परीक्षेंतला मुख्य नियम संग्राहकांनीं पोथीसही लावावा. माळ्यावरचा धूर व कोंकणची सर्द हवा नवा कागदही काळवंडून टाकते. आणि विकणारा तो मुद्दाम काळा करूं शकतो. काळेपणा हें वयाचें प्रमाण नव्हे. अक्षरवटिका, पुष्पिका व आंतील शब्द हेच खरे साक्षी. आणि त्यांत 'तमाखु' हा एक शब्द आढळला, तर कागदाच्या काळ्या रंगापेक्षां त्याचेंच अधिक ऐकावें.