शेमा, कीर्तन आणि शाळा

यहुदी धर्मशिक्षणाचा अभ्यास म्हटला की नव्या विद्यार्थ्याची नजर थेट जेरुसलेमकडे, नाहीतर न्यूयॉर्ककडे जाते. इतकं लांब जायचं कारण नाही. शाळेतून समाज कसा बांधला जातो, मुलांच्या अंगी धर्माचं वळण कसं येतं, हे पाहायचं असेल तर आपले कोकणातले यहुदी, बेने इस्रायल, पुरेसे आहेत. केहिमकर, रोहेकर, दिवेकर, अष्टमकर अशी गावांवरून आडनावं लावणारी, घरात मराठी बोलणारी ही मंडळी. त्यांच्या धर्मशिक्षणाची बरीचशी साधनं मराठीत असूनही मराठी अभ्यासक तिकडे फारसे फिरकलेले नाहीत.

सुरुवात शाळेपासून करू नका, असं मी विद्यार्थ्यांना आधीच सांगतो. कोकणात तेलाचे घाणे चालवणाऱ्या या समाजाकडे कित्येक पिढ्या ना धर्मग्रंथ होता, ना हिब्रूचं ज्ञान. शनिवारी घाणा बंद ठेवायचा (म्हणून गावाने त्यांना ‘शनवार तेली’ म्हटलं), मुलाची सुंता करायची, आणि बारसं असो की मयत, ‘शेमा’ ही एकच प्रार्थना म्हणायची, हाच मुख्यतः त्यांचा धर्म. डेव्हिड रहाबी नावाचा यहुदी त्यांच्यात आला तेव्हाची कथा प्रसिद्ध आहे. त्याने बायकांपुढे मासळी ठेवली आणि रांधायला सांगितलं. बायकांनी खवले आणि पर असलेले मासे तेवढे वेगळे काढले; बाकीचे आम्ही खात नाही म्हणाल्या. रहाबीला ओळख पटली. त्याने तिघांना शिकवून तयार केलं आणि धर्मकृत्यं त्यांच्याकडे सोपवली. रहाबी नेमका कोणत्या शतकातला यावर अभ्यासकांचं एकमत नाही, आणि कथेला दंतकथेचा वास आहेच. पण समाजाने स्वतःबद्दल ही कथा जपावी यातच बरंच काही आलं. परीक्षा झाली ती चुलीपाशी, आणि त्यात बायका पास झाल्या.

पुढचा टप्पा अधिक गुंतागुंतीचा. 1796 मध्ये सॅम्युअल इझिकेल दिवेकर यांनी मुंबईत या समाजाचं पहिलं सिनेगॉग बांधलं. नंतर कोचीनहून शिक्षक येऊ लागले. त्याच सुमारास मिशनरीही आले. नागपूरकराला स्कॉटिश मिशनरी हिस्लॉप यांचं नाव घरचं आहे. त्याच स्कॉटिश मिशनच्या परंपरेतले जॉन विल्सन मुंबईत बेने इस्रायल मुलांना शिकवत होते. 1832 मध्ये त्यांनी हिब्रूचं व्याकरण चक्क मराठीतून काढलं. हेतू धर्मांतराचा, यात शंका नाही. झालं मात्र उलटंच. मुलं मिशनच्या शाळेत हिब्रू शिकली, जुना करार मराठीत वाचू लागली आणि आधीपेक्षा पक्की यहुदी होऊन बाहेर पडली. शिक्षकाला काय शिकवायचं आहे आणि विद्यार्थी काय उचलतो, यातलं अंतर दाखवायला वर्गात मी हेच उदाहरण देतो.

हाती अक्षर आलं तशी छापील पुस्तकंही आली. 1874 मध्ये पुण्यात छापलेली हग्गादा एकदा तरी पाहावी. वल्हांडणाच्या रात्री घरात वाचायचं हे पुस्तक. हिब्रू मजकुराबरोबर मराठी भाषांतर. त्यातल्या चित्रांत साड्या नेसलेल्या बायका जमिनीवर बसून बेखमीर भाकरी करताहेत: कुणी मळतंय, कुणी लाटतंय, कुणी भाजतंय. मिसरमधून सुटकेची गोष्ट ऐकणाऱ्या पोराला त्या चित्रात आपलीच आई दिसली असणार. जोसेफ इझिकेल राजपूरकर यांनी तर प्रार्थनांची पुस्तकंच्या पुस्तकं मराठीत आणली. पेशाने ते मुंबईतल्या ससून शाळेचे हेडमास्तर.

आणि कीर्तन! 1880 च्या सुमारास मुंबईतल्या काही बेने इस्रायल तरुणांनी हिंदू कीर्तनाचा बाज उचलला आणि त्यात अब्राहाम, योसेफ, मोशे यांची आख्यानं बसवली. बेंजामिन शिमशोन अष्टमकर हे त्यातलं मोठं नाव. साक्या, दिंड्या, ओव्या सगळं आपलं, देव मात्र एकच आणि निराकार. निरक्षर म्हातारीपासून शाळकरी पोरापर्यंत सगळे एका बैठकीत बसून शिकत होते. माझ्या मते या समाजाची सर्वांत यशस्वी धर्माची शाळा हीच, तिला इमारत नव्हती एवढंच.

इमारतीची शाळा आली 1875 मध्ये. हाईम सॅम्युअल केहिमकर यांनी भावांच्या आणि समाजबांधवांच्या साथीने मुंबईत इस्रायली शाळा काढली. इंग्रजी शिक्षण मिळावं, नोकऱ्या मिळाव्यात आणि हिब्रूही सुटू नये, अशी त्यांची दुहेरी तिहेरी कसरत होती. केहिमकरांनी समाजाचा इतिहासही लिहिला. 1897 मध्ये लिहून झालेला तो ग्रंथ छापून आला 1937 मध्ये, तेल अवीवला; तोवर ते हयात नव्हते. शाळेला पुढे सर एली कदूरी यांची देणगी मिळाली आणि माझगावच्या त्या शाळेला त्यांचं नाव लागलं. 1948 नंतर समाज मोठ्या संख्येने इस्रायलला गेला. आज माझगावच्या त्या शाळेच्या वर्गांत बहुसंख्य मुलं यहुदी नाहीत. काही जण याला ऱ्हास म्हणतात. मला ते घाईचं वाटतं: एका समाजाने स्वतःसाठी काढलेली शाळा शेजाऱ्यांच्या मुलांच्या कामी येते, हेही त्या शिकवणुकीच्याच हिशोबात धरायला हवं.

महाराष्ट्र सरकारने 2016 मध्ये यहुद्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला. उरलेला समाज आता काही हजारांचा. काम करायचं तर वेळ हाताशी फार नाही. नव्या अभ्यासकाला मोडी यायला हवी, थोडी हिब्रू हवी, आणि आजीबाईंजवळ बसून ऐकायची चिकाटी हवी. वाचकांनाही एक विनंती: सीताबर्डीच्या फुटपाथवर किंवा घरच्या माळ्यावर यहुदी कीर्तनाची, प्रार्थनेची जुनी मराठी चोपडी सापडली, तर ती रद्दीत घालू नका. जवळच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात नेऊन द्या.

नंदनवन, नागपूर