जपानमधील व्हॅलेंटाइन दिन: परदेशी वस्तीतून मैत्रिणींच्या घोळक्यात

जपानमधील व्हॅलेंटाइन दिनाचा इतिहास कोबे बंदरातील परदेशी वस्तीपासून सुरू होतो. १८६८ मध्ये परकीय व्यापारासाठी खुल्या झालेल्या या बंदरात युरोपीय, चिनी आणि भारतीय व्यापाऱ्यांनी पेढ्या घातल्या, आणि रशियन राज्यक्रांतीनंतर परागंदा झालेली कुटुंबे तेथे आसऱ्याला आली. या रशियन निर्वासितांपैकी फ्योदोर मोरोझोव्ह यांनी १९२६ मध्ये मिठाईचे दुकान काढले. त्यांचे नाव धारण करणाऱ्या कंपनीने फेब्रुवारी १९३६ मध्ये 'जपान अ‍ॅडव्हर्टायझर' या इंग्रजी दैनिकात व्हॅलेंटाइन दिनाच्या चॉकलेटांची जाहिरात दिली. जाहिरातीची भाषा इंग्रजी होती, कारण मायदेशीचा सण परमुलखात आपल्या गोतावळ्यात साजरा करू पाहणारे परदेशी रहिवासी हेच तिचे ग्राहक होते. सर्वसामान्य जपानी माणसाला या सणाचा गंधही नव्हता.

युद्धकाळात कोको आणि साखर दुर्मीळ झाल्यामुळे हा प्रयत्न तेथेच थांबला. पुढे १९५८ मध्ये 'मेरी चॉकलेट' कंपनीने टोकियोतील इसेतान या मोठ्या दुकानात व्हॅलेंटाइन विक्री मांडली. पॅरिसमध्ये राहणाऱ्या एका परिचिताच्या पत्रातून ही कल्पना सुचल्याचे कंपनी सांगते, आणि तीन दिवसांत ५० येनांची तीन चॉकलेटे व २० येनांचे एक कार्ड, म्हणजे अवघ्या १७० येनांचा माल खपल्याचेही तीच सांगते. या सणाच्या पहिलेपणाचा मान अनेक कंपन्या आपल्याकडे घेतात. परंतु पुढील काळात त्या सर्वांनी मिळून रूढ केलेला नियम एकच होता, तो असा की या दिवशी स्त्रीने पुरुषाला चॉकलेट देऊन आपले मन मोकळे करावे. मोठ्या दुकानांचे गिऱ्हाईक मुख्यतः स्त्रियाच असल्याने हा नियम विक्रेत्यांच्या सोयीचा होता, आणि 'ओमिआइ', म्हणजे आपल्याकडील कांदेपोह्यांच्या कार्यक्रमासारखी मध्यस्थामार्फत स्थळ पाहण्याची पद्धत, मागे पडून १९६० च्या दशकाच्या अखेरीस प्रेमविवाहांचे प्रमाण तिच्यापुढे गेल्याने तो काळालाही मानवला.

मात्र प्रथा कचेऱ्यांत शिरताच तिला कर्तव्याचे रूप आले. प्रियकराला द्यायचे ते 'होनमेइ-चोको' आणि साहेब व सहकारी यांना रीत म्हणून वाटायचे ते 'गिरि-चोको' असा भेद पडला. 'गिरि' म्हणजे सामाजिक देणे. त्याची परतफेड पुरुषांनी १४ मार्चला करावी, म्हणून मिठाई उत्पादकांनी १९८० पासून 'व्हाइट डे' हा दुसरा सण देशभर सुरू केला. या देण्याघेण्याचा जाच इतका वाढला की २०१८ मध्ये 'गोदिवा' या चॉकलेट कंपनीनेच एका दैनिकात पानभर जाहिरात देऊन गिरि-चोको बंद करण्याचे आवाहन केले.

दरम्यान शाळकरी मुलींनी आपली निराळी वाट काढली होती. २००० नंतरच्या दशकात 'तोमो-चोको', म्हणजे मैत्रिणींनी एकमेकींना द्यायचे चॉकलेट, ही रीत सर्वत्र पसरली. आदल्या संध्याकाळी बाजारातील चॉकलेटच्या साध्या वड्या सुरीने बारीक चिरायच्या, गरम पाण्यावर ठेवलेल्या भांड्यात वितळवायच्या, लहान कागदी वाट्यांत ओतून वर रंगीत दाणे भुरभुरवायचे आणि थिजल्यावर प्रत्येकीसाठी पारदर्शक पिशवीत बांधायचे, असा हा घरगुती खटाटोप असतो. यात प्रणयाची कबुली नसते आणि साहेबाची मर्जी राखण्याचा प्रश्नही नसतो. वर्गातील कोणी वगळली जाऊ नये म्हणून दहा-वीस पिशव्या भराव्या लागतात, एवढेच काय ते बंधन उरते. प्रेमिकांचा म्हणून आयात झालेला हा सण जपानमध्ये सामान्य माणसाच्या अंगवळणी पडला, त्याचे श्रेय जाहिरातदारांइतकेच या मुलींनाही द्यावे लागते.